पर्यटन : व्याख्या व नियोजन

पर्यटन : व्याख्या व नियोजन. नेहमीच्या निवासाच्या व कामाच्या परिसराबाहेर तात्पुरता प्रवास व मुक्काम करणाऱ्या व्यक्तींचे व्यवहार म्हणजे पर्यटन होय. ‘अट्’ (हिंडणे) या संस्कृत धातूला ‘परि’ हा उपसर्ग लागून हा शब्द बनला आहे. मौजेखातर केलेला प्रवास हा त्याचा रूढ अर्थ सांख्यिकी व नियोजन यांच्या दृष्टीने अपुरा ठरतो. पर्यटक कोणास म्हणावयाचे, यावर पर्यटकांची संख्या अवलंबून असते आणि त्या संख्येवरून पाणीपुरवठा, स्वच्छता, वाहतूक व निवास यांसाठी करावयाच्या तरतुदी ठरतात.

व्याख्येचा विकास : राष्ट्रसंघाच्या सांख्यिकी तज्ञांच्या समितीने १९३७ मध्ये, नेहमीच्या निवासाचा देश सोडून अन्य देशात किमान २४ तासांसाठी जाणारी व्यक्ती म्हणजे परदेशी पर्यटक, अशी व्याख्या केली. हुन्त्सिकर व क्राफ या स्विस अभ्यासकांनी १९४२ मध्ये, परस्थ व्यक्तींच्या प्रवास व मुक्कामातून निर्माण होणाऱ्या संबंधांवर भर दिला. मात्र कायमचे वास्तव्य व अर्थार्जन त्यांनी वगळले. संयुक्त राष्ट्रांच्या रोम येथील परिषदेने (१९६३) ‘अभ्यागत’ ही व्यापक संज्ञा स्वीकारून तिचे दोन भाग केले : किमान २४ तास राहणारा तो पर्यटक व त्याहून कमी काळ थांबणारा तो सहलकरी. संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या शिफारशींनुसार नेहमीच्या परिसराबाहेर एक वर्षाहून कमी काळासाठी केलेला प्रवास पर्यटनात मोडतो. त्याचा हेतू विश्रांती, व्यवसाय, यात्रा, उपचार वा आप्तभेट यांपैकी कोणताही असू शकतो. भेट दिलेल्या ठिकाणच्या संस्थेत नोकरी करणे, हा मात्र असू नये.

नियोजनातील महत्त्व : भारतात दीर्घकाळ प्रचलित असलेल्या व्याख्येत हॉटेल, धर्मशाळा इ. ठिकाणी किमान एक रात्र राहणाऱ्यासच देशांतर्गत पर्यटक मानले जाई. स्वतःच्या मूळ घरी वा नातेवाइकांकडे उतरणारा त्यातून वगळला जाई. गणेशोत्सवासाठी मुंबईहून कोकणात जाणारे चाकरमानी या व्याख्येबाहेर राहतात. परंतु रेल्वे, एस. टी. व रस्ते यांवरील त्यांचा भार प्रत्यक्षच असतो. आषाढी एकादशीस पंढरपुरात राहुट्यांत व मोकळ्या जागी उतरणारे वारकरीही निवासगृहांच्या नोंदींत येत नाहीत. तथापि पिण्याचे पाणी, शौचालये व साथीच्या रोगांचा प्रतिबंध यांची गरज त्यांनाच सर्वाधिक असते. नोंदीत नसलेल्या माणसासाठी तरतूद होत नाही आणि तिची उणीव यात्रेकरूंइतकीच स्थानिक रहिवाशांनाही सोसावी लागते.

सहलकऱ्यांची गणना न केल्यासही असाच दोष उद्भवतो. पावसाळ्यात मुंबई-पुण्याहून लोणावळ्यास येणारे अनेकजण संध्याकाळी परततात. ते खोली घेत नाहीत. पण रस्ता, वाहनतळ व कचरा यांचा प्रश्न निर्माण करतात. खाटांची संख्या हेच गमक मानले, तर निवासव्यवस्था वाढते आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. वार्षिक सरासरीही फसवी असते. नियोजनास गर्दीच्या दिवसाचा आकडा आवश्यक असतो. महाबळेश्वर-पाचगणी (२००१) व माथेरान (२००३) या परिसंवेदनशील घोषित क्षेत्रांत, स्थळाची सहनक्षमता ठरविताना हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.

आर्थिक मापन : इतर उद्योग उत्पादित वस्तूवरून ओळखले जातात, तर पर्यटन ग्राहकावरून ठरते. एकाच उपाहारगृहात गावकरी व प्रवासी जेवतात. त्यांपैकी प्रवाशाचाच खर्च पर्यटनात धरला जातो. त्यामुळे राष्ट्रीय उत्पन्नाच्या नेहमीच्या वर्गीकरणात पर्यटन स्वतंत्रपणे दिसत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी पर्यटन उपलेखा पद्धती विकसित झाली. भारताचा असा पहिला लेखा २००२-०३ या वर्षासाठी तयार करण्यात आला. राष्ट्रीय लेख्यातून पर्यटनाचे एकूण अर्थकारण कळते. विशिष्ट गावाला किती पाणी व किती शौचालये लागतील, हे ठरविण्यासाठी मात्र स्थानिक पातळीवर पर्यटक, सहलकरी व यात्रेकरू यांची वेगवेगळी व दिवसवार गणना करावी लागते.