मराठी शिकवा, मोबाईलवरून: आपल्या पट्ट्यातलं एक नवं जोडकाम

ताईंनो, चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या भागात खोल्या भाड्याने देणं आता घरटी झालंय. त्या खोल्यांत लातूर-बीडची माणसं राहतात, तशी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचीही राहतात. मोशी-चिखलीच्या सोसायट्यांतही तेच. नवरा कंपनीत, बायको घरी नाहीतर कंपनीतच, आणि पोरं शाळेत. त्या पोरांना शाळेत एक विषय असा आहे की ज्यात आई-बापाला काहीच मदत करता येत नाही. तो विषय म्हणजे मराठी.

2020 साली आपल्या राज्याने कायदा केला. शाळा कोणत्याही माध्यमाची असो, कोणत्याही बोर्डाची असो, मराठी शिकवायचीच. 2020-21 मध्ये पहिली आणि सहावीपासून सुरुवात करायची आणि दरवर्षी एकेक इयत्ता पुढे न्यायची, असं ठरलं. म्हणजे सीबीएसईच्या इंग्रजी शाळेतल्या पोरालाही मराठी आलं. इंग्रजी आणि गणिताच्या क्लासच्या पाट्या चौकाचौकात आहेत, पण मराठीची शिकवणी घेणारं शोधावं लागतं. आणि मराठी तर आपल्या घरची.

ऑनलाईन शिकवणी म्हटलं की पुष्कळ जणी म्हणतात, "आम्हाला कुठं इंग्रजी येतं?" इथे इंग्रजीचं काम नाही. बारावी झालेली, शुद्ध लिहिणारी, वाचनाची आवड असलेली बाई पाचवीपर्यंतच्या मुलांना मराठी नीट शिकवू शकते. डी.एड. झालंय आणि नोकरी नाही, अशा तर आपल्याकडे कितीतरी सुना आहेत. थोडी हिंदी बोलता आली पाहिजे, तेवढं आपल्याला बाजारात येतंच. एक मात्र आहे. ज्या ताई शाळेत शिक्षिका आहेत त्यांनी हे करू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या 28 व्या कलमात शिक्षकांना खासगी शिकवणीला मनाई आहे.

आता शिकवायचं काय? आपण ज्या भाषेत जन्मलो ती शिकवणं सोपं वाटतं, पण पोर अडतं कुठे ते आपल्याला दिसत नाही. हिंदीत दोनच लिंगं, आपल्यात तीन. पुस्तक हिंदीत 'अच्छी किताब' म्हणून ती, आपल्याकडे ते. आवाज हिंदीत ती, आपल्याकडे तो. पोर 'माझी आवाज' म्हणतं तेव्हा ते चुकत नसतं, घरची भाषा बोलत असतं. हसायचं नाही. हिंदीत कालही 'कल' आणि उद्याही 'कल', त्यामुळे 'काल' आणि 'उद्या' यांत गोंधळ ठरलेला. काही शब्द तर दोन्हीकडे दिसायला सारखे आणि अर्थाने उलटेच. हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आपली शिक्षा म्हणजे छडी. 'खाली' म्हणजे तिकडे रिकामं, इकडे खालच्या बाजूला. 'चेष्टा' म्हणजे तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. असे शब्द वहीत दोन रकान्यांत लिहून घेतले की मुलांना मजा येते आणि लक्षातही राहतं. 'ळ' बोलायला वेळ लागतो, तो रोज म्हणून घ्यायचा: काळा, फळा, शाळा, डोळा. 'चाक' मधला च आणि 'चार' मधला च लिहायला एकच, बोलायला वेगळे. तेही तोंडाने दाखवावं लागतं. व्याकरणाच्या व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा भाजीवाल्याशी बोलायची दहा वाक्यं पोराला येणं जास्त कामाचं, असं माझं मत. आई-बापालाही ती वाक्यं हवीच असतात.

पुस्तकांचा खर्च नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं मोबाईलवर फुकट उतरवून घेता येतात, आणि पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केला की पाठाशी जोडलेलं साहित्य उघडतं. पण सीबीएसई शाळेत मराठीचं पुस्तक वेगळं असू शकतं. पहिल्याच दिवशी आईकडून त्या पुस्तकाचे फोटो मागवून घ्या.

तासाला व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल पुरतो. गुगल मीटवर एकाच मुलाला शिकवत असाल तर वेळेची अडचण येत नाही. तिघं किंवा जास्त जण जोडलेले असतील तर फुकटच्या खात्यात 60 मिनिटांनी कॉल बंद होतो. झूमवर 40 मिनिटांनी. लहान पोरं तशीही पाऊण तासावर बसत नाहीत, त्यामुळे ही अडचण फार नाही.

फळ्याची सोय घरातच होते. उंच स्टुलाच्या कडेला मोबाईल स्क्रीन वर करून ठेवायचा, मागचा कॅमेरा कडेबाहेर काढायचा, मोबाईल पडू नये म्हणून मागच्या टोकावर जड पुस्तक ठेवायचं. खाली पाटावर वही ठेवून जाड स्केचपेनने लिहायचं. मीटमध्ये मागचा कॅमेरा सुरू केला की मुलाला आपला हात आणि अक्षर दोन्ही दिसतं. अक्षर वळणदार कसं काढायचं हे पोर हात बघूनच शिकतं. कुकरची शिट्टी आणि टीव्ही मात्र त्या पाऊण तासात बंद. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे, ती मोठ्या शहरातल्या क्लासवाल्यांना कळणार नाही. घरात चांगला मोबाईल एकच, आणि तो बाबांच्या खिशात. बाबा शिफ्टला. पहिली पाळी असेल तर माणूस संध्याकाळी घरी, फोनही घरी. दुसरी पाळी असेल तर फोन रात्री उशिरा घरी येणार, तोवर पोर झोपलेलं. रात्रपाळी असेल तर संध्याकाळी फोन मिळतो, पण माणूस झोपेतून उठलेला असतो, कामावर निघायच्या गडबडीत. आणि बऱ्याच कंपन्यांत पाळी आठवड्याला बदलते. म्हणून वेळ ठरवताना आईला सरळ विचारा, कोणत्या आठवड्यात कोणती पाळी, आणि कॅलेंडरवर मांडून ठेवा. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी शाळेआधी वेळ जमतो का बघा. नाहीच जमलं तर पाच मिनिटांचा आवाजी निरोप पाठवून ठेवायचा आणि सुट्टीच्या दिवशी जास्तीचा तास घ्यायचा. आपल्याकडे कारखान्यांची सुट्टी बहुतेक गुरुवारी असते, रविवारी नाही, हे विसरू नका. गुरुवारी बाबा घरी असतात. पण दुरुस्तीसाठी वीज जाते तीही गुरुवारीच, तेव्हा फोन आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून ठेवा.

आता पैशाचं. समजा चार मुलं आहेत, आठवड्याला तीन दिवस, पाऊण पाऊण तास, आणि फी महिना 500 रुपये. महिन्याचे 2,000 झाले. चौघांना एकत्र बसवलं तर बारा बैठकांचे साधारण नऊ तास होतात, तासाला 220 रुपयांच्या आसपास पडले. तीच चार मुलं वेगवेगळी शिकवली तर 36 तास, आणि तासाला 55 रुपये. म्हणून एका पातळीची तीन-चार मुलं एकत्र घ्या. त्यापेक्षा जास्त घेतली तर प्रत्येकाची वही बघणं होत नाही आणि आई-बाप महिन्याभरात काढून घेतात. वरच्या रकमेतून रिचार्जचे पैसे वजा करा. व्हिडिओ कॉलला डेटा बराच लागतो, पहिला आठवडा रोज किती गेला ते बघून मगच पॅक निवडा. फी महिन्याच्या सुरुवातीलाच घ्यायची, आणि गटाच्या वहीसारखी वही ठेवायची: तारीख, मुलाचं नाव, काय शिकवलं, पैसे आले की नाही. पोर गावी गेलं, छठपूजेला महिनाभर आलंच नाही, तर काय करायचं हेही आधीच बोलून ठेवा.

कर आणि परवान्याची धास्ती घेऊ नका. सेवा देणाऱ्याला वर्षाला 20 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या 50 पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत.

मुलं मिळवायची कुठून? सुरुवात भाडेकरूंपासून. मग किराणा दुकान, शाळेच्या गेटवरच्या आया, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. शिकवणी मिळवून देणारी ॲप आहेत, पण काही ॲप पालकाचा नंबर देण्याचे आधीच पैसे घेतात आणि काम मिळेलच असं नाही. पहिल्या वर्षात तरी ओळखीवर चालावं. मोठ्या कंपनीचंही काही खरं नसतं. बायजूज केवढी मोठी कंपनी, टीव्हीवर जाहिराती, पण जुलै 2024 मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. परदेशातल्या मराठी घरांतही मुलांना मराठी शिकवायची हौस आहे, पण कॅलिफोर्नियातली शनिवारची संध्याकाळ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रविवारी पहाटेचे साडेसहा. पाणी भरायची वेळ! ते पुढचं बघू.

जाहिरात टाकली की एक फोन हमखास येऊ शकतो, त्याबद्दल सावध राहा. "मी फौजेत आहे, बदली होऊन येतोय, मुलीला शिकवणी लावायची, तीन महिन्यांची फी आत्ताच देतो." मग क्यूआर कोड येतो आणि "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील" असं सांगतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच 1930 वर फोन लावा, जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणि पालकांशी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर बोलल्याशिवाय कोणाचंही मूल घेऊ नका. तासाला घरातलं मोठं माणूस जवळपास असू द्या म्हणावं. मुलांचे फोटो स्टेटसला ठेवू नका, कितीही गोड असले तरी.

राहिला मोबाईल. जुना फोन अडकत असेल तर लगेच नवा घेऊ नका. आहे त्यावर एक महिना दोन मुलं शिकवून बघा. जमतंय असं वाटलं तर गटातून अंतर्गत कर्ज मागा, आणि मागताना ती वही बैठकीत ठेवा. कुणाची फी आली, किती तास झाले, हप्ता कशातून जाणार, हे सगळं तिथे लिहिलेलं असेल. शाळा जूनमध्ये सुरू होतात, पण मराठीत मूल मागे पडतंय हे आई-बापाला कळतं ते पहिल्या चाचणीचा निकाल हातात पडल्यावर. भाडेकरूच्या दारावर तेव्हा जा.