तराफा कोठे बांधावा?

पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून पोहायला शिकलेली वडीलधारी मंडळी तुमच्या घरीही असतील. डब्याचीच मोठी आवृत्ती म्हणजे तराफा. २०० लिटरची चार बंद पिंपे फळ्यांखाली आवळली, तर पूर्ण बुडताना ती ८०० किलोग्रॅम पाणी बाजूला सारतात. पिंपे व फळ्या यांचे वजन २०० किलोग्रॅम धरले, तरी ६०० उरले. म्हणजे चाळीस किलोग्रॅमची पंधरा मुले! पण ती सगळी एका कडेला धावली, तर तराफा उलटलाच म्हणून समजा. सहा-सात जण पुरेत.

खरी मेख आहे ती तराफा एका जागी ठेवण्यात. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात हजारो नैसर्गिक तलाव आहेत. होड्या आदळू नयेत म्हणून तेथे रात्री पाण्यात राहणाऱ्या तराफ्यांना परावर्तक लावावे लागतात. आपली अडचण वेगळी आहे. आजरा तालुक्यातील चित्री धरणाचे पाणी पावसाळ्यानंतर शेतीसाठी सोडतात, तशी पातळी उतरत जाते. हिरण्यकेशीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे घातले की पाणी फुगते, काढले की ओसरते.

समजा, परवानगी घेऊन दिवाळीत ४ मीटर खोल जागी दगड टाकला आणि त्याला ५ मीटर दोराने तराफा बांधला. वाऱ्याने दोर ताणला की काटकोन त्रिकोण होतो. कर्ण ५, उभी बाजू ४, म्हणून आडवी बाजू ३. तराफा दगडापासून ३ मीटरपर्यंत भटकेल. मार्चमध्ये पाणी १ मीटर उतरले, तर हेच अंतर ४ मीटर होते! पाणी कमी, भटकणे जास्त. आणि वारा काठाकडे असेल तर तराफा उथळातच जाणार. वरून सूर मारणाऱ्याला फळ्या नेहमीच्याच दिसतात, गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. डोके तळावर आपटून मानेतला मज्जारज्जू दुखावला, तर हातपाय जन्माचे लुळे पडतात. अमेरिकन रेडक्रॉस डोक्याकडून सूर मारण्यासाठी किमान ९ फूट, म्हणजे सुमारे पावणेतीन मीटर खोली सांगते.

मग दोर आखूड करावा? तसे केले तर पाणी चढताच तराफा दगडालाच उचलून चालू लागेल. काळा दगड पाण्याच्या सुमारे तिप्पट घन असतो. ६० किलोग्रॅमचा दगड पाण्यात ४० किलोग्रॅमच भरतो. (आपला जांभा सच्छिद्र, त्याहून हलका. त्याच्या वाटेला जाऊच नये.)

उपाय रहाटासारखा आहे. दोर तराफ्याला न बांधता त्याच्या तळाशी मधोमध बसवलेल्या कडीतून ओवावा आणि टोकाला पुरेसे वजन टांगावे. पाणी उतरले की वजन खाली जाऊन ढील ओढून घेते, चढले की वर येते. दोर मात्र भरल्या पाण्याच्या खोलीपेक्षा लांब हवा. तो साडेपाच मीटर ठेवला, तर खोली पावणेतीन मीटर होताच वजन तळाला टेकते. का, ते आकृती काढून पाहा. वजन टेकले की सूर बंद, आणि दगड खोल पाण्यात हलवायचा.