जुनं मॅन्युअल कसं वाचायचं? झीरो विमानाच्या कॉकपिटचं उदाहरण

पेपर कसा वाचायचा हे आपल्याला कोणीतरी सांगतं. जुनी तांत्रिक कागदपत्रं कशी वाचायची, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून आज एक उदाहरण घेऊ: दुसऱ्या महायुद्धातलं जपानी नौदलाचं लढाऊ विमान, मित्सुबिशी झीरो. समजा, त्याच्या मॅन्युअलमधलं कॉकपिटचं चित्र तुमच्यासमोर आहे. प्रत्येक दांड्याला आणि डायलला क्रमांक आहे, खाली जपानी नावं आहेत. शब्दकोश उघडला की झालं काम? नाही. तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

१. शब्द

'क्याकु' म्हणजे पाय. विमानात मात्र ती उतरताना लागणारी चाकं आणि त्यांचा सांगाडा. 'होजोयोकु' म्हणजे शब्दशः सहायक पंख. प्रत्यक्षात एलरॉन, म्हणजे विमान कुशीवर कलवणारी पंखांवरची फळी. त्यात जपानी लिपी युद्धानंतर, १९४६ पासून सोपी केली गेली. त्यामुळे जुन्या मॅन्युअलमधली काही अक्षरं आजच्या वाचकाला अनोळखी वाटतात. आमच्या वसईच्या १७३९च्या मोहिमेची मोडी पत्रं आठवा. भाषा मराठीच, पण फक्त बाळबोध येणारा पहिल्याच ओळीला अडतो.

२. एकक

जपानी नौदल वेग नॉटमध्ये मोजायचं, भूदल ताशी किलोमीटरमध्ये. झीरोच्या मॉडेल २१चा कमाल वेग २८८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५३३ किलोमीटर किंवा ३३१ मैल. नॉटचा आकडा मैल समजून वाचलात तर विमान एका झटक्यात ४३ मैलांनी हळू होतं, आणि पुढची सगळी तुलना चुकते.

इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाचं, म्हणजे बूस्टचं, गेज आणखी फसवं. जपानी गेजवर शून्य म्हणजे वातावरणाचा दाब, पाऱ्याचे ७६० मिलिमीटर. काटा +२०० वर असेल तर खरा दाब ९६० मिलिमीटर. अमेरिकन गेज तोच दाब ३७.८ इंच दाखवेल, कारण ते निर्वातापासून मोजतं. ब्रिटिश गेज दाखवेल +३.९ पौंड. दाब एकच, आकडे तीन!

वर्षाचंही तसंच. शोवा १७ म्हणजे १९४२. 'झीरो' हे नावसुद्धा जपानी शाही सन २६०० (इ.स. १९४०) याच्या शेवटच्या शून्यावरून आलं. शकात ७८ मिळवायची सवय असलेल्यांना हे जड जाऊ नये.

३. हालचाल

बंदुकीचा खटका कुठे असेल? उजव्या हातातल्या दांड्यावर, असं आपण गृहीत धरतो. झीरोत तो डाव्या हाताकडच्या थ्रॉटलवर होता. म्हणजे ओळखीच्या विमानावरून अंदाज बांधला तर चित्रातला भाग चुकीचा ओळखला जाणार.

आणि दांडा ओळखला तरी तो प्रत्यक्षात कसा वागतो, हे चित्र सांगत नाही. जून १९४२ मध्ये अलास्काजवळच्या अकुतान बेटावर एक झीरो कोसळलं. अमेरिकनांनी ते दुरुस्त करून सप्टेंबरमध्ये सॅन दिएगोला उडवलं. तेव्हा दिसलं की जास्त वेगात एलरॉन जड होतात आणि नाक झटकन खाली दाबलं की इंजिन अडखळतं. ही माहिती पुढे वैमानिकांच्या जिवाशी निगडित ठरली.

आता तुमच्या विषयातलं एखादं जुनं मॅन्युअल घ्या, अगदी कॉलेजच्या लॅबमधल्या उपकरणाचंही चालेल. वहीत तीन रकाने आखा: शब्दशः अर्थ, एकक आणि शून्य कुठे, प्रत्यक्ष वागणुकीचा पुरावा. तिसऱ्या रकान्यात लिहायला काही नसेल तर तो रिकामाच ठेवा. अंदाजाने भरू नका. पुढे कोणीतरी तो आकडा खरा मानून वापरणार आहे.