नावाचे अनेक वारस, पत्त्याचा एकच धनी (लेखांक 6)

व्यापारचिन्हाचा हक्क कायद्याने प्रदेश आणि व्यवसायवर्ग यांच्या मर्यादेत बांधलेला असल्यामुळे एकाच नावाचे दोन व्यवसाय निरनिराळ्या गावांत, प्रसंगी एकाच शहरात, कोणाचीही फसवणूक न करता नांदू शकतात. डोमेन नेमच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याच्या, बाबतीत अशी मुभा नाही. ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’ या शेपटाआधीचे एक नाव जगात एकालाच मिळते आणि ते देताना अर्जदाराचा त्या नावावर हक्क आहे की नाही याची चौकशी सहसा होत नाही. नाव शिल्लक असावे आणि शुल्क भरलेले असावे, एवढे पुरते.

भारतात डोमेन नेमसाठी स्वतंत्र कायदा नसल्याने न्यायालयांनी ‘पासिंग ऑफ’ या जुन्या तत्त्वाचा आधार घेतला. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवू नये, हे ते तत्त्व होय. त्यासाठी चिन्हाची नोंदणी आवश्यक नसते, मात्र वादीने बाजारातील आपला नावलौकिक सिद्ध करावा लागतो. 1999 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे ‘रेडिफ’ने ‘रॅडिफ’ नावाच्या पत्त्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा प्रतिवादीने हे नाव रॅडिकल, इन्फर्मेशन, फ्यूचर आणि फ्री या शब्दांच्या सुरुवातीच्या अक्षरांतून जुळवल्याचे सांगितले. न्यायालयाला ते पटले नाही आणि मनाई हुकूम निघाला. ‘सत्यम इन्फोवे’च्या ‘सिफी’ या नावावरून झालेल्या वादात ‘सिफीनेट’ने आपल्या पाच प्रवर्तकांच्या नावांची पहिली अक्षरे पुढे केली, सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2004 रोजी तोही खुलासा नाकारला आणि डोमेन नेममध्ये व्यापारचिन्हाची सर्व लक्षणे असू शकतात, हे मान्य केले. प्रसिद्ध नावाशी नेमकी जुळणारी आद्याक्षरे सापडण्याचा हा योगायोग प्रतिवादींच्याच वाट्याला का यावा, हा प्रश्न वाचकालाही पडावा.

‘डॉट इन’ पत्त्यांसाठी 2005 पासून ‘निक्सी’ या संस्थेच्या नियमांनुसार लवादाची सोय आहे. तक्रारदाराने वादग्रस्त पत्ता आपल्या चिन्हासारखा असल्याचे, पत्ता घेणाऱ्याचा त्यावर न्याय्य हक्क वा हितसंबंध नसल्याचे आणि पत्ता दुष्ट हेतूने घेतल्याचे किंवा वापरल्याचे दाखवायचे असते. लवाद पत्ता रद्द करू शकतो किंवा तक्रारदाराच्या नावे करू शकतो. प्रसिद्ध नाव अडवून ठेवून नंतर चढ्या भावाने विकणाऱ्यांविरुद्ध हा उपाय चांगला चालतो.

दोन्ही बाजूंनी नाव खरोखर वापरले असेल, तर मात्र हे गणित बिघडते. पुण्यातील ‘बर्गर किंग’चा वाद डोमेन नेमचा नसला, तरी ही अडचण त्यातून नीट समजते. या नावाचे पुण्यातील उपाहारगृह 1992 च्या सुमारास सुरू झाले. याच नावाच्या अमेरिकन कंपनीने भारतात चिन्हाची नोंदणी त्याआधी, 1979 मध्ये, केली असली तरी तिचे पहिले भारतीय दुकान 2014 मध्ये उघडले. कंपनीने 2011 मध्ये लावलेला दावा पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने 2024 मध्ये फेटाळला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने अपील निकाली निघेपर्यंत पुण्याच्या व्यावसायिकाला नाव वापरण्यास मनाई केली आणि मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. कागदावरचा अग्रक्रम श्रेष्ठ की इथल्या गिऱ्हाइकांपुढचा, हा या वादाचा गाभा आहे.

समजा, असा वाद पत्त्यावरून झाला असता आणि तो पत्ता पुण्याच्या व्यावसायिकाकडे असता, तर कंपनीचे चिन्ह जुने असूनही इतक्या वर्षांच्या उघड व्यापारामुळे दुसरी अट, म्हणजे पत्ता घेणाऱ्याचा न्याय्य हक्क नसणे, सिद्ध करणे तिला जड गेले असते. साक्षी, उलटतपासणी आणि जुनी बिले तपासण्याचे काम लवादाच्या संक्षिप्त प्रक्रियेत पेलत नाही, म्हणून लवादही अशा पक्षकारांना बहुधा दिवाणी न्यायालयाची वाट दाखवतो. न्यायालय दोघांनाही नाव वापरू देऊन ठिकाणाचा उल्लेख किंवा खुलाशाची ओळ जोडण्याची अट घालू शकते. लवादापुढे असा मधला मार्ग नसतो. पत्ता आहे तिथे ठेवायचा, रद्द करायचा किंवा तक्रारदाराला द्यायचा, इतकेच त्याच्या हाती असते.