परदेशी शिक्षण : निवड एजंटाची नको, आपली हवी!

पदवीचे निकाल जवळ आले की आमच्याकडे माणसे येऊ लागतात. कुणी अंबडहून, कुणी परतूरहून, कुणी जालना शहरातल्याच वस्तीतून. यंदा असाच एक बाप आपल्या मुलीला घेऊन आला. बाप स्टीलच्या कारखान्यात भट्टीवर राबणारा, मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. हातात एका एजंटाने दिलेला गुळगुळीत कागद. बाप म्हणाला, "सर, पोरीला फॉरेनला पाठवायचं ठरवलंय. प्लॉट गहाण ठेवतो. फक्त तुमी एकदा बघून घ्या."

आम्ही कागद पाहिला. कधी नाव न ऐकलेले कॉलेज आणि अभ्यासक्रम कुठला, तर बिझनेस मॅनेजमेंटचा डिप्लोमा! आम्ही मुलीला विचारले, "ताई, तुला हे शिकायचे आहे का?" ती खाली बघत म्हणाली, "नाही सर. मला पाण्यावर शिकायचं होतं. पण ते म्हणले, इथं ॲडमिशन लगेच मिळते."

ही मुलगी ज्या जिल्ह्यात वाढली, त्या जालन्याने २०१२-१३ चा दुष्काळ सोसला आहे. टँकरच्या मागे घागर घेऊन धावलेल्या मुलीला पाण्याचे शास्त्र शिकावेसे वाटते, यापेक्षा मोठी पात्रता कोणती? पण तिला हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. देश ठरला, कॉलेज ठरले, कर्ज ठरले. विषय मात्र सगळ्यात शेवटी, तोही दुसऱ्याने ठरवला!

समाजबांधवांनो, हे एका घराचे दुखणे नाही. परदेशी शिक्षणाचा आता बाजार झाला आहे. यातले बहुतेक एजंट ज्या कॉलेजात विद्यार्थी भरतात, त्या कॉलेजाकडून कमिशन घेतात. त्यामुळे जिथे कमिशन, तिथे त्यांचे बोट. एजंट गोड बोलतो म्हणून तो आपला हितचिंतक ठरत नाही. प्लॉट आपला जातो, कर्ज आपण फेडतो, मग निवड तरी आपली नको का?

निवड कशी करावी, हे आम्हाला नव्याने शोधायचे नाही. बाबासाहेबांनी ती करून दाखवली आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि जुलै १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांनी काय केले? पदवीपुरते विषय घेऊन ते थांबले नाहीत. एकट्या अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. त्याखेरीज इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. सेलिग्मन आणि जॉन ड्यूई यांच्यासारख्या गुरूंपाशी ते बसले. आपल्या लोकांच्या गुलामीचे कोडे त्यांना उलगडायचे होते. ते कोडे ज्या विषयांनी सुटेल, ते विषय त्यांनी उचलले.

दुसरा धडा पैशाचा. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. त्यांनी काय केले? परत येऊन चार वर्षांच्या आत अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज काढले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. बाबासाहेबांसारख्या विद्वानालाही पैशापायी तीन वर्षे थांबावे लागले. मग पैशाचा हिशेब न करता विमानात बसायला निघालेल्या आपल्या पोरांनी थोडा विचार करायला नको का?

म्हणून आम्ही त्या मुलीला चार प्रश्न कागदावर लिहून दिले. ते इथे सर्वांसाठी देतो.

पहिला प्रश्न : मला काय शिकायचे आहे आणि कशासाठी? आपल्या जिल्ह्याकडेच पाहा. जालन्यात पोलाद वितळते, बियाणांच्या कंपन्या आहेत, मोसंबीच्या बागा आहेत आणि पाण्याचा कायमचा प्रश्न आहे. धातुशास्त्र, बीजशास्त्र, जलव्यवस्थापन, कामगार कायदा, सार्वजनिक आरोग्य हे सगळे विषय आपल्या दारात उभे आहेत. शेती आणि बियाणांसाठी नेदरलँड्समधले वागेनिंगेन जगात नावाजलेले आहे. अभियांत्रिकी आणि धातुशास्त्रासाठी जर्मनीतले आखेन प्रसिद्ध आहे. विषय ठरला की विद्यापीठ शोधता येते. उलट्या वाटेने गेले की फसगत होते.

दुसरा प्रश्न : तिथे मला कोण शिकवणार? विद्यापीठाच्या इमारतीचा फोटो बघून भुलू नका. त्या विभागात कोण प्राध्यापक आहेत, त्यांनी काय लिहिले आहे, अभ्यासक्रमात कोणते पेपर आहेत, हे वाचा. प्राध्यापकांना सरळ ई-मेल करा. पुष्कळ जण उत्तर देतात.

तिसरा प्रश्न : पैसा कोण देणार? महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. जागा ७५. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. दोन्हींत ३० टक्के जागा मुलींसाठी आहेत, सावित्रीच्या लेकींनी हे ध्यानात ठेवावे. दोन्ही शिष्यवृत्त्या पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठीच आहेत. बारावीनंतर पदवीसाठी परदेशी जाणाऱ्याला यातून काही मिळत नाही, म्हणून पदवी इथेच चांगल्या गुणांनी पुरी करावी. केंद्राच्या योजनेत कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत, वय ३५ च्या आत, पदवीला किमान ६० टक्के गुण आणि क्यूएस क्रमवारीत पहिल्या ५०० मधले विद्यापीठ लागते. राज्याच्या योजनेत क्रमवारीची अट याहून कडक, अलीकडच्या जाहिरातींत पहिल्या २०० ची आहे. एजंटाने सुचवलेले ते कॉलेज यातल्या कुठल्याच यादीत नव्हते! म्हणजे ती जागा घेतली असती, तर शिष्यवृत्तीचे दार त्याच क्षणी बंद झाले असते.

याखेरीज वाटा आहेत. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती आहे, पण तिला पदवीनंतर सुमारे दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. युरोपची इरास्मस मुंडस आहे, तिच्यात दोन किंवा अधिक देशांत शिकता येते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही किंवा नावापुरती आहे, पण राहण्याच्या खर्चापोटी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आधीच बँकेत अडकवून ठेवावे लागतात. "जर्मनीत सगळे फुकट" म्हणणाऱ्याला हा आकडा विचारा.

चौथा प्रश्न : वेळ जुळते का? इथेच आपली पोरे मार खातात. तिकडची विद्यापीठे सप्टेंबरमध्ये सुरू होतात. त्यांचे अर्ज वर्षभर आधीपासून घेतले जातात. राज्याच्या शिष्यवृत्तीला विनाअट प्रवेशपत्र लागते, म्हणजे इंग्रजीची परीक्षा आणि पदवीचा निकाल दोन्ही हातात हवेत. त्यात जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, पासपोर्ट. तहसीलच्या एका सहीसाठी महिना जातो, हे मंठा-घनसावंगीच्या पोरांना सांगायला नको. म्हणून ही कागदपत्रे द्वितीय वर्षालाच गोळा करायला लागा.

पण सगळा दोष पोरांच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. शासनाला आमचा सवाल आहे. विद्यापीठ अनामत रक्कम मागते जून-जुलैमध्ये आणि शिष्यवृत्तीची यादी लागते प्रवेश तोंडावर आल्यावर, मग भट्टीवर राबणाऱ्या बापाने लाखोंची अनामत कुठून भरायची? २०२४ मध्ये राज्याने किमान ७५ टक्के गुणांची नवी अट घातली. विद्यार्थ्यांनी आवाज उठवला तेव्हा ती मागे घ्यावी लागली. २०२५ मध्ये केंद्राच्या योजनेत १०६ जण निवडले गेले, पण सुरुवातीला तात्पुरती पत्रे ४० जणांनाच मिळाली. उरलेल्या ६६ जणांना सांगितले गेले, निधी असेल तर बघू! निवड झालेल्या विद्यार्थ्याने निधीची वाट बघायची, ही कुठली रीत?

त्याहून गंभीर गोष्ट २०२२ ची. केंद्राने त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात बाबासाहेबांनी भारतातील जातींच्या उगमावर आपला निबंध वाचला होता. आज एखाद्या पोराला तोच विषय घेऊन तिथे जायचे असेल, तर केंद्राची ही शिष्यवृत्ती त्याला मिळणार नाही! जातीचा अभ्यास परदेशात करायचा नाही, असे कुणाला का वाटावे? ज्याने चटके सोसले, त्यानेच जगासमोर त्याचे शास्त्र मांडू नये काय? आमच्या संघटनांनी दरवर्षी जाहिरात निघते तेव्हा ही अट रद्द करण्याची मागणी लावून धरली पाहिजे.

आणि समाज म्हणून आपणही काही करावे. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढून प्रत्येक तालुक्यात अनामत निधी उभा करता येईल. शिष्यवृत्ती हाती आली की विद्यार्थी तो परत करील आणि पुढच्याला तो उपयोगी पडेल. विहारातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी इंग्रजीच्या परीक्षेची पुस्तके ठेवा. जे परदेशी जाऊन आले, त्यांनी सुट्टीत गावी आल्यावर एक रविवार या पोरांना द्यावा. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढले, तेव्हा मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून आमचे बापजादे तिथे शिकायला गेले. त्या नागसेनवनाने एक पिढी उभी केली. पुढच्या पिढीची वाट आता तिथून पुढे जाते.

त्या मुलीने एजंटाचा कागद परत केला. प्लॉट गहाण पडला नाही. यंदाचे वर्ष ती इंग्रजीची तयारी करते आहे, वैधता प्रमाणपत्राचा अर्ज दिला आहे आणि पाण्यावरचे सहा अभ्यासक्रम तिने स्वतः शोधून वहीत उतरवले आहेत. जाताना बापाने विचारले, "सर, एक वर्ष वाया जाईल ना?" आम्ही म्हणालो, "दादा, बाबासाहेबांची तीन वर्षे गेली होती. ती वाया गेली का?"

शिका, पण काय शिकायचे ते स्वतः ठरवून शिका. जयभीम!