चुंबकीय उत्तेजन व भौतिकोपचार : एक स्पष्टीकरण

कबड्डीत चढाई करताना गुडघा पिरगळतो आणि आतील अस्थिबंध तुटतो. शस्त्रक्रियेने नवा अस्थिबंध बसवता येतो. परंतु त्यानंतरही मांडीचा पुढचा स्नायू दुर्बल राहतो. स्नायूला इजा झालेली नसतानाही, सुजलेल्या सांध्याकडून येणाऱ्या संदेशांमुळे मज्जासंस्था त्याला पूर्ण शक्तीने आकुंचन पावू देत नाही. अशा रुग्णांसाठी चुंबकीय उत्तेजनाचे यंत्र घ्यावे, अशी सूचना देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक आमच्याकडे करीत असतात. त्याविषयीची आमची भूमिका येथे मांडत आहोत.

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले. याच तत्त्वावर १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी मेंदूचे चुंबकीय उत्तेजन यशस्वी केले. मांडीजवळ धरलेल्या वेटोळ्यातून क्षणभर तीव्र प्रवाह सोडला असता चेतातंतू उद्दीपित होतात व स्नायू आकुंचन पावतो. त्वचेवर विद्युतपट्ट्या चिकटवाव्या लागत नाहीत. बाजारातील चुंबकीय पट्ट्यांत व कड्यांत स्थिर चुंबक असतो. त्यामुळे स्नायूंचे असे आकुंचन होत नाही.

तथापि, यंत्राने घडविलेले आकुंचन म्हणजे पूर्ववत झालेला पाय नव्हे. उडी मारून तोल सांभाळणे, धावताना दिशा बदलणे, हे नियमित व्यायामानेच पुन्हा साधते. या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतण्यास साधारणतः किमान नऊ महिने थांबण्याचा सल्ला दिला जातो. क्रीडा-दुखापतींतील या यंत्राच्या उपयोगाबाबतचा पुरावा अद्याप मर्यादित असल्याने, भौतिकोपचाराला पूरक एवढेच त्याचे स्थान आम्ही मानतो. हृदयाचा पेसमेकर किंवा कानातील कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्या रुग्णांसाठी हा उपचार टाळावा लागतो. शरीरात धातूचे स्क्रू वा पट्ट्या असल्यास शल्यचिकित्सकांना आधी विचारणे आवश्यक आहे.

यंत्र ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते, तर भौतिकोपचारतज्ज्ञांचे वेतन खर्चात दिसते. त्यामुळे यंत्रासाठी देणगी मिळणे सुलभ होते, वेतनासाठी कठीण. परंतु रुग्णाला आठवड्यामागून आठवडे उभे करतात ते हेच तज्ज्ञ. यंत्र आले आणि ते चालविण्यासाठी त्यांचा वेळ व्यायामातून काढून घ्यावा लागला, तर रुग्णाचे नुकसानच होईल. म्हणून देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे की, त्यांनी प्रथम भौतिकोपचार विभागाच्या मनुष्यबळासाठी साहाय्य करावे. पालकांनीही घरी सांगितलेला व्यायाम एक दिवसही चुकू देऊ नये.