आजारपणाचा विमा उतरवितांना

शाळेच्या वार्षिक अंकांत विम्यासारखा रुक्ष विषय कशास, असें कोणी पालक विचारतील. गेल्या कांहीं वर्षांत आमच्या वर्गांतील ज्या मुलांची फी थकली, त्यांच्या घरीं चौकशी करतां पुष्कळदां मुळाशीं कोणाचें तरी आजारपण निघालें, एवढें कारण आम्हांस पुरेसें वाटतें. दुसरेंही एक आहे. विम्याची पॉलिसी बहुधा इंग्रजींत असते, आणि पुष्कळ घरांत ती वाचूं शकेल असें एकच माणूस असतें; तें म्हणजे आमच्या शाळेंत नववी-दहावींत शिकणारा मुलगा अगर मुलगी. तेव्हां हा लेख त्यांनीं आईबापांच्या शेजारीं बसून वाचावा, अशी आमची इच्छा आहे.

पूर्वपीठिका थोडक्यांत सांगतों. आयुर्विम्याखेरीजचा विम्याचा धंदा सरकारनें १९७२ च्या कायद्यानें आपल्याकडे घेतला व तो चार कंपन्यांत वांटला. ह्याच सरकारी कंपन्यांनीं १९८६ सालीं ‘मेडिक्लेम’ नांवाची पॉलिसी काढली; जुनी मंडळी अजूनही आजारपणाच्या कोणत्याही विम्यास मेडिक्लेमच म्हणतात. १९९९ च्या कायद्यानें विमा नियामक प्राधिकरणास अधिकार मिळाले आणि पुढील वर्षापासून खासगी कंपन्यांस दार उघडलें. आज सरकारी कंपन्या, सर्व तऱ्हेचे विमे उतरविणाऱ्या खासगी कंपन्या व केवळ आरोग्याचाच विमा उतरविणाऱ्या कंपन्या असे तीन वर्ग बाजारांत आहेत. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून व्यक्तीच्या व कुटुंबाच्या आरोग्यविम्यावरील अठरा टक्के जी. एस. टी. उठला, त्यामुळें ह्या विषयाची चौकशी आमच्याकडेही वाढली आहे.

पालक बहुधा एकच प्रश्न विचारतात: ‘सर, कंपनी कोणती चांगली?’ हातांत तीन-चार कंपन्यांचे हप्ते लिहिलेला कागद असतो, आणि ज्या आंकड्याभोंवतीं वर्तुळ काढलेलें असतें तो सर्वांत लहान असतो. हप्ता पाहणें गैर नाहीं. परंतु दोन कंपन्या सारखाच पांच लाखांचा विमा देत असतां एकीचा हप्ता पुष्कळच कमी असेल, तर ती उदार आहे असें समजूं नये. बहुधा तिनें कोठें तरी देण्यास कात्री लावलेली असते, आणि ती कात्री शोधून काढणें हेंच निवडीचें मुख्य काम होय.

ह्या कात्र्यांपैकीं जी फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं ती खोलीच्या भाड्याची. समजा, पांच लाखांच्या पॉलिसींत रोजचें भाडें विम्याच्या रकमेच्या एक टक्क्यापर्यंत, म्हणजे ५,००० रुपयांपर्यंत मान्य आहे. रोगी ८,००० रुपयांच्या खोलींत पांच दिवस राहिला. घरच्यांचा हिशेब असा कीं, रोजचे वरचे तीन हजार, म्हणजे एकूण १५,००० रुपये आपण भरूं, बाकीचें कंपनी देईल. कंपनीचा हिशेब निराळा असतो. मान्य भाडें प्रत्यक्ष भाड्याच्या पांच-अष्टमांश आहे, म्हणून डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचें भाडें, परिचर्येचा खर्च हीं सर्व ती पांच-अष्टमांशच देते. असा खर्च १,६०,००० झाला असेल, तर मिळतात १,००,०००. औषधें, शरीरांत बसविण्याचीं साधनें व तपासण्या ह्यांस नियमानेंच ही कपात लागत नाहीं. ते ५०,००० धरूं. एकूण बिल २,५०,०००; कंपनीकडून १,७५,०००; पदरचे ७५,०००, पंधरा हजार नव्हेत! जेथें खोलीप्रमाणें इतर दर बदलत नाहींत अशा इस्पितळांत ही कपात करतां येत नाहीं, हें खरें. पण मोठ्या शहरांतील पुष्कळ खासगी इस्पितळांत दर बदलतात. तेव्हां ज्या पॉलिसींत खोलीच्या भाड्यास मर्यादा नाहीं, तिच्यासाठीं थोडा अधिक हप्ता भरणें आम्हांस शहाणपणाचें वाटतें. तें परवडत नसेल तर निदान मर्यादा किती आहे तें पाठ असावें, आणि रोग्यास दाखल करतांना त्याच भाड्याची खोली मागावी. तसेंच, प्रत्येक दाव्यांतील ठरावीक टक्के रक्कम आपणच सोसण्याची अट, जिला को-पे म्हणतात, आणि मोतीबिंदूसारख्या एकेका रोगावर घातलेली मर्यादा, हींही पाहून घ्यावीं.

आतां प्रतीक्षाकालाविषयीं. पॉलिसी घेतल्यापासून पहिले तीस दिवस अपघाताखेरीज इतर आजारपणाचे पैसे मिळत नाहींत. हर्निया, मोतीबिंदू, गुडघा बदलणें अशा कांहीं उपचारांस त्याहून पुष्कळ अधिक थांबावें लागतें. आणि पॉलिसी घेण्यापूर्वींच जो रोग अंगीं आहे, त्याचा प्रतीक्षाकाल पूर्वीं चार वर्षांपर्यंत असे. २०२४ च्या एप्रिलपासून तो तीन वर्षांहून अधिक ठेवतां येत नाहीं. एखादी कंपनी थोडा जास्त हप्ता घेऊन तो आणखी कमी करते. घरांत मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा रोगी असेल, तर हप्त्याच्या आधीं हा आंकडा विचारावा.

येथें आमच्याच घरची हकीकत सांगणें भाग आहे. २०१३ च्या जून महिन्यांत आम्ही आमच्या मातोश्रींचा विमा उतरविला. एजंट ओळखीचे गृहस्थ होते. ‘तुम्ही नुसती सही करा, बाकीचें मी भरतों,’ असें ते म्हणाले, आणि शाळेंत परीक्षांचे पेपर तपासतांना विद्यार्थ्यांच्या अक्षरन् अक्षरावर तांबडी शाई फिरविणाऱ्या आम्हीं कोऱ्या अर्जावर मातोश्रींची सही घेऊन दिली. मातोश्री रक्तदाबाची गोळी कित्येक वर्षें घेत होत्या. अर्जांतील त्या प्रश्नापुढें ‘नाहीं’ असें लिहिलें गेलें. हप्ता वाढूं नये म्हणून त्यांनीं आमच्यावर उपकारच केला, अशी त्यांची समजूत असावी.

२०१८ च्या जानेवारींत मातोश्रींस अर्धांगाचा झटका आला. इस्पितळांत दाखल करतांना डॉक्टरांनीं विचारलें, तेव्हां आम्हीं जें खरें तेंच सांगितलें, आणि तें केसपेपरवर नोंदलें गेलें. कंपनीनें तो कागद अर्जाशेजारीं ठेवला व दावा नाकारला. बिल २,६०,००० रुपयांचें होतें. पतपेढीचें कर्ज काढलें, तें फेडण्यास तीन वर्षें लागलीं. आम्हांस आजही जें सलतें तें निराळेंच आहे. अर्जांत खरें लिहिलें असतें, तर हप्ता कदाचित् थोडा वाढला असता. परंतु चार वर्षांचा प्रतीक्षाकाल २०१७ च्या जूनमध्येंच संपला असता आणि रक्तदाबाच्या कारणानें दावा अडविण्यास कंपनीस जागा उरली नसती. असत्यानें वाचविलें काय, तर वर्षाकांठीं फार तर कांहीं शेंकडे रुपये. पॉलिसी सलग साठ महिने चालू राहिली म्हणजे, उघड लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, कंपनीस अर्जांतील चुकीवरून दावा नाकारतां येत नाहीं, असा आतां नियम आहे. तो हक्क देणारी मुदत २०२४ पूर्वीं आठ वर्षांची होती. पण ह्या नियमाच्या भरंवशावर कोणी खोटें लिहूं नये. साठ महिने आजारपण वाट पाहील असें कोणीं सांगितलें आहे?

म्हणून अर्ज आपल्याच हातानें भरावा, किंवा मुलाकडून भरवून घेऊन मग सही करावी. पॉलिसी हातीं आल्यापासून तीस दिवसांच्या आंत ती पसंत नसेल तर परत करतां येते, व थोडी वजावट होऊन पैसे मिळतात. पॉलिसीबरोबर तिच्या मुख्य अटींचें एक माहितीपत्रक कंपनीनें द्यावें लागतें, आणि तें मराठींत मागण्याचा आपणांस हक्क आहे. आमच्या अनुभवास असें आलें आहे कीं तें न मागतां कोणी देत नाहीं.

कंपनी पारखण्याच्या बाकीच्या गोष्टी फार वेळ घेत नाहींत. आपल्या गांवांतील ज्या इस्पितळांत आपण खरोखर जाऊं, त्यांची नांवें कंपनीच्या यादींत आहेत कीं नाहींत तें पाहावें. मुंबईच्या पांचशें इस्पितळांची यादी आपल्या कामाची नाहीं. प्राधिकरणाच्या वार्षिक अहवालांत प्रत्येक कंपनीनें जमा हप्त्यांच्या मानानें किती टक्के दावे दिले तें छापलेलें असतें. तो आंकडा फारच लहान असेल तर कंपनी हात आखडते असा संशय घ्यावा. शंभराच्या वर जात असेल तर तोटा भरून काढण्यासाठीं हप्ता वाढेल अशी भीति धरावी. रोख न भरतां उपचार करण्याची परवानगी कंपनीनें एका तासांत व घरीं सोडतांनाची मंजुरी तीन तासांत द्यावी, असा २०२४ चा आदेश आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांस प्रत्यक्षांत किती वेळ लागला, हें विचारून पाहावें. नोकरींतून मिळणारा विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो, म्हणून निव्वळ त्याजवर विसंबूं नये. आणि सध्यांच्या कंपनीशीं पटत नसेल, तर नूतनीकरणाच्या वेळीं दुसरीकडे जातां येतें. २०११ पासून ही सोय आहे. प्रतीक्षाकालाचीं भोगलेलीं वर्षें आपल्याबरोबर येतात, मात्र नवी कंपनी आपणांस घेण्यास बांधलेली नसते.

दावा नाकारला गेला तर प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. एका महिन्यांत उत्तर न आल्यास अगर समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावें. त्यांचीं कार्यालयें मुंबई व पुणें येथें आहेत. तेथें फी नाहीं, वकील लागत नाहीं. मात्र कंपनीचा अखेरचा नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आंत अर्ज करावा लागतो. आम्हांस हें कळलें तेव्हां वर्ष उलटून दोन महिने झाले होते.